टाचण्यांच्या जागा

ग्रंथपालबाईंनी काचेची बरणी टेबलावर ठेवली आणि झाकणावर बोटाने टकटक केले. पाहुणे येण्याआधी घर झाडूनपुसून लख्ख केलेल्या बाईचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते. "सगळ्या काढल्या, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "एकसुद्धा राहिली नाही." बरणीत टाचण्या होत्या. तपकिरी, वाकड्या, एकमेकींत अडकलेल्या, काहींच्या टोकांना अजून कागदाचा कोंडा चिकटलेला. समोर उभ्या डॉक्टरला आधी काहीच वाटले नाही. आयुष्यभर तिने लोकांचे दात काढले होते, आणि काढलेली वस्तू बशीत पडली की तिच्यातला त्रास संपतो हे तिच्या अंगवळणी पडले होते. मग तिची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे वडिलांची पाने होती. सपाट, स्वच्छ, एकावर एक रचलेली. त्यांच्या शेजारी एक फुगलेले खाकी पाकीट होते आणि त्यावर नेटक्या अक्षरात लिहिले होते, 'सुट्या पट्ट्या'. तिने पाठीमागची खुर्ची ओढली आणि बसली.

"कुठली पट्टी कुठल्या पानावरची, याची काही खूण केलीत का?" तिने विचारले. आवाज शांत होता. पेशंटला मुळापर्यंत कीड गेली आहे हे सांगताना तिचा आवाज असाच शांत व्हायचा.

"खूण?" ग्रंथपालबाई गोंधळल्या. "पट्ट्या सगळ्या जपून ठेवल्यात की. एक हरवली नाही. टाचण्या, पिना, रबरबँड आधी काढायचे, हा आमच्या खात्यातला पहिला नियम आहे डॉक्टर. गंज कागद खातो. आणखी थोडी वर्षं गेली असती ना, तर तुमच्या वडिलांच्या पानांची चाळण झाली असती." त्यांचे बरोबर होते. त्यांचे सगळे बरोबर होते, आणि तेवढ्यामुळेच तिला ओरडता येईना.

वडील आधी चर्चमध्ये पाळक होते आणि मग या कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. पाळक असताना ते दर आठवड्याला नवा उपदेश लिहीत. जाड काळ्या शाईत, रुंद समास सोडून, मोठ्या अक्षरात, म्हणजे व्यासपीठावर चष्मा न लावता वाचता यावे. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी नवे असे काही लिहिलेच नाही. भाषण करायचे असले की पलंगाखालची ट्रंक ओढायची, त्यातला एखादा जुना उपदेश काढायचा, आणि कॉलेजात जी वाक्ये चालणार नाहीत त्यांच्यावर कोऱ्या कागदाची पट्टी कापून नवे वाक्य लिहून टाचायची. 'मंडळी' होती तिथे 'विद्यार्थी' यायचे. 'प्रभूची कृपा' होती तिथे 'शिक्षकांचे कष्ट'. टाचण्या त्यांच्या कोटाच्या कॉलरला आतल्या बाजूने ओळीने खोचलेल्या असत. मुले त्यांना पाठीमागे 'टाचणीसाहेब' म्हणत. लहानपणी त्यांना मिठी मारायची तर गाल कुठे टेकवायचा हे आधी ठरवावे लागे. आता टाचण्या बरणीत होत्या, आणि त्या निघाल्याबरोबर अध्यक्षही पानांवरून निघून गेले होते. टेबलावर उरले होते ते तरुण पाळकाचे उपदेश, वरपासून खालपर्यंत अखंड, आणि त्यानंतरचे सगळे आयुष्य त्या खाकी पाकिटात कोंबलेले होते.

ट्रंक तिच्या पलंगाखाली वडिलांच्या मृत्यूपासून पडून होती. दवाखाना बंद केल्यावर, हात थोडे कापायला लागल्यावर तिला वाटले, आपल्यामागे हिचे काय? म्हणून तिने ती कॉलेजच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागाकडे दिली होती. कॉलेजचा सुवर्णमहोत्सव होता. सोमवारी समिती बसणार होती, आणि आताच्या अध्यक्षांनी फोनवर आडपडदा न ठेवता सांगितले होते, "मॅडम, भाषणं असतील तर ती आमची शान आहे. पण ग्रंथपाल म्हणतात की सगळे उपदेशच दिसतायत. उपदेश आम्ही कसे ठेवणार? ते चर्चला जायला हवेत." चर्चचे सेक्रेटरी तर येऊनही गेले होते. गृहस्थ उत्साही होते. त्यांना उपदेशांचे पुस्तक छापायचे होते. "पाळकसाहेब आमचेच," ते म्हणाले होते, "पानं आम्हाला द्या. वरच्या त्या चिंध्या कॉलेजला राहू देत." म्हणजे पाने एका इमारतीत, पट्ट्या दुसऱ्या इमारतीत, आणि मधून रहदारीचा रस्ता. वडील वारले तेव्हाही असेच झाले होते. चर्चच्या मासिकात आले की ते अखेरपर्यंत मेंढपाळच राहिले. कॉलेजच्या अंकात आले की त्यांनी जुने वस्त्र उतरवून ज्ञानाची कास धरली. दोन्ही मृत्युलेख वाचून तिला आपण दोन परक्या माणसांच्या अंत्ययात्रेला जाऊन आलो असे वाटले होते. आता ती वाटणी कायमची होणार होती. एकदा पाने आणि पट्ट्या वेगळ्या कपाटांत गेल्या की हा एकच माणूस होता हे सिद्ध करायला कोणी उरणार नव्हते. ती स्वतः किती दिवसांची सोबती?

"चिमटा आहे का तुमच्याकडे?" तिने विचारले. "बारीक टोकाचा. नसू दे, माझा आणते."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातली जुनी पेटी घेऊन आली. भिंगे लावलेला चष्मा, चिमटे, दातांमधले अंतर मोजायची छोटी पट्टी. ग्रंथपालबाई दारातच उभ्या होत्या, रात्रभर न झोपल्यासारख्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "चुकलं असतं तर मी रागावले असते," ती म्हणाली. "तुम्ही नियमाने केलंत. आता बसा आणि मला पानं उचलून द्या." खिडकीतून येणारा उजेड टेबलावर तिरका पडत होता. तिने पहिले पान भिंगाखाली धरले आणि तिला जरा धीर आला. टाचणी गेली होती, पण जागा गेली नव्हती. प्रत्येक टाचणी कागदात एकदा आत शिरून एकदा बाहेर आली होती. दोन भोके, आणि त्यांच्यामध्ये गंजाची नाजूक तपकिरी रेघ. पट्टीवर तशीच जोडी, तेच अंतर, तोच तिरकेपणा. कुठे टाचणी सरळ गेलेली, कुठे घाईत उतरती. वरचा जबडा आणि खालचा जबडा. चावा जुळवायचा, बस्स. "दातांच्या डॉक्टरला भोकांचं काय नवल," ती म्हणाली, आणि ग्रंथपालबाई पहिल्यांदा हसल्या.

पहिली पट्टी जुळायला सगळी सकाळ गेली. जुळली तेव्हा तिला झालेला आनंद ओळखीचा होता. कवळी पहिल्यांदाच नीट बसलेला म्हातारा ओठ मिटून जिभेने चाचपतो तेव्हाचा. मग हात बसला. पट्ट्यांचे आकार कळू लागले. वडील घाईत असले की कात्री वाकडी चालायची. संप चालू होता त्या वर्षीच्या पट्ट्या वहीच्या पानातून फाडलेल्या होत्या. ती भोके बघत होती, अंतर बघत होती, गंज बघत होती. शब्दांकडे तिचे लक्ष नव्हते, किंवा ती ते जाऊ देत नव्हती. काही पट्ट्या कुठेच बसेनात. त्यांच्या कडा इतक्या टोचलेल्या होत्या की त्या पानापानावर हिंडून आल्या असणार हे दिसत होते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ही इथे चालेल की, अर्थ लागतोय." ती म्हणाली, "अर्थ लागतो म्हणून नाही लावायची. भोक जुळलं तर लावायची." आणि ती पट्टी तिने परत पाकिटात टाकली.

दुपारी भावाचा फोन आला. तो दूरच्या शहरात राहत असे आणि तिथून सगळ्या गोष्टी त्याला सोप्या दिसत. "ताई, तू काय शिवणकाम मांडून बसलीस म्हणे? तुझी सून सांगत होती."

"अजून शिवत नाहीये. जुळवतेय."

"देऊन टाक ना चर्चला. छापतील, चार माणसं वाचतील. पप्पांनी आयुष्यभर दोन घरांत भांडण लावून ठेवलं आणि आपण म्हातारपणी मिटवत बसायचं?"

"तुला त्यातलं एक घर आठवत तरी का?"

"मला प्रेसच्या वरचंच आठवतं. ताटं हलायची ते." तो हसला. "बागेतलं तू बघितलंस. मी झालोच उशिरा, त्यात माझा काय दोष?" फोन ठेवताना तो म्हणाला, "पाठीला उशी घे. नाहीतर परत मलाच डॉक्टर शोधावा लागेल, दाताच्या डॉक्टरसाठी." तिने उशी घेतली नाही, पण जरा वेळाने उठून खिडकीपर्यंत जाऊन आली.

बागेतले घर पाळकाचे होते, म्हणजे चर्चचे. तिथे आईने लावलेल्या वेली होत्या आणि मागच्या बाजूला एक दगडी पायरी होती, जिच्यावर बसून ती शाळेचा अभ्यास करी. वडिलांनी चर्चच्या सभागृहात संध्याकाळी वर्ग सुरू केले होते. जो येईल त्याला शिकवायचे, कुठला, कोणाचा हे विचारायचे नाही. वर्गांचे कॉलेज व्हायची वेळ आली तेव्हा चर्चच्या मंडळीने सांगितले, शिकवा, पण आलेल्याने आधी प्रार्थनेला बसले पाहिजे. अनुदान देणाऱ्यांनी सांगितले, शिकवा, पण अध्यक्ष पाळक असता कामा नये. वडिलांनी दोघांचे ऐकून घेतले, आणि एके दिवशी जेवताना सांगितले की आपण घर सोडतो आहोत. आईने भाताची वाटी खाली ठेवली. "देवाने नाही काढलं आपल्याला घराबाहेर," ती म्हणाली, "तुम्ही काढलंत." नंतर ते छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला गेले. खाली यंत्र सुरू झाले की जमिनीतून धडधड पायात चढे, आणि ताटे टेबलावर हळूहळू कडेकडे सरकत. सगळ्यांना एक हात ताटावर ठेवून जेवायची सवय झाली. आई वडिलांशी बोले, पण कामापुरते. 'पाणी तापलंय.' 'कोट इस्त्रीला दिलाय.' रविवारी ती मुलीला घेऊन चर्चमध्ये जाई आणि नव्या पाळकासमोर मागच्या बाकावर बसे. वडील घरी भाषणे टाचत बसत. तिने एकदा विचारले होते, "पप्पा, नवीनच का नाही लिहीत?" ते तोंडात टाचणी धरून पुटपुटले होते, "वेळ कुठे आहे?" वेळ नसणार. पण कॉलेजच्या नावाचे कोरे कागद गठ्ठ्याने पडून होते, आणि ज्या माणसाला पट्टी मोजून कापायला, जुन्या वाक्याच्या बरोबर लांबीचे नवे वाक्य शोधायला तास घालवता येतो, त्याला वेळ नव्हता हे काही खरे नव्हते. हे तिला कळले तेव्हा ती स्वतः चर्चला जायची थांबली होती. भांडून नाही. दात दुखायचा थांबतो तसे ते थांबले. कधी, ते सांगता येत नाही. वडील देवापासून दूर गेले असे ती लोकांना सांगे, आणि आपणही त्यांच्यासारखेच, असे स्वतःला. त्यात एक सोय होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि आपण ती इतका वेळ पाहत असूनही पाहिली नव्हती याचे तिला वाईट वाटले. सगळी भोके पट्ट्यांच्या वरच्या कडेला होती. एकाही पट्टीच्या खालच्या कडेला भोक नव्हते. तिने पाकिटातल्या उरलेल्या पट्ट्या पालथ्या घालून पाहिल्या. फक्त वर. तिचे हात थांबले. "काय झालं?" ग्रंथपालबाईंनी विचारले. "काही नाही," ती म्हणाली. पण ती आता त्या खोलीत नव्हती. कॉलेजच्या उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. मांडवाचे कापड वाऱ्याने फडफडत होते. वडील बोलत होते आणि मधेच थांबत होते. त्यांचे थांबणे पुढे फार नावाजले. 'अध्यक्षांचे विराम' म्हणत. वक्तृत्व शिकवणारे मास्तर ते मुलांकडून घोटवून घेत, आणि स्नेहसंमेलनात नकला करणारे नुसते थांबून टाळ्या घेत. त्या दिवशी मात्र ते नवीन होते. वडील एका वाक्यापाशी आले, थांबले, आणि त्यांच्या डाव्या हाताचे बोट कागदावर सरकले. पट्टीच्या खालच्या कडेत नख घालून त्यांनी ती थोडीशी उचलली. जखम भरली का पाहायला कोणी मलमपट्टी उचलावी तशी. खाली पाहिले. पट्टी परत पडू दिली आणि वरचे वाक्य वाचले: 'ज्ञानाच्या दारात कोणी परके नाही.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेच वाक्य पुढे वाचनालयाच्या दारावर दगडात कोरले गेले. पण टाळ्यांच्या आधी, त्या गप्प क्षणात, आईने तिचे मनगट इतके घट्ट धरले की बांगडीचा वळ उठला. पप्पा टाचणी नीट बसली का बघतायत, असे तिला स्वतःला तेव्हा वाटले होते. संध्याकाळी छापखान्याच्या वरच्या खोलीत आईने वडिलांचा कोट आपण होऊन उतरवून घेतला. "पाहिलं मी," ती म्हणाली. वडील म्हणाले, "काय?" "काही नाही. हात धुवा, जेवायला वाढते." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कॉलरमध्ये टाचण्या आईच खोचू लागली.

जुळवलेल्या पट्ट्या पानांवर पक्क्या कशा करायच्या हा प्रश्न उरला. टाचण्या पुन्हा नाहीत, यावर ग्रंथपालबाई अडून बसल्या. "नव्या, न गंजणाऱ्या आणल्या तरी नाही. आमच्याकडे धातू चालतच नाही, डॉक्टर. डिंक तर त्याहून नाही." मग त्याच म्हणाल्या, "सुती दोरा चालतो. जुन्याच भोकांतून. नवीन भोक पाडायचं नाही." ती म्हणाली, "तुम्ही दातांच्या डॉक्टर व्हायला हवं होतं." "छे, मला रक्त बघवत नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि दोरा आणायला गेल्या. टाके घालायचे काम तिने पुष्कळ केले होते. ओल्या, हलत्या, घाबरलेल्या तोंडात. इथे कागद निदान हलत नव्हता. तिने मनगट टेबलाच्या कडेला टेकवून कापरे थोपवले. जुन्या भोकातून सुई आत, जुन्या भोकातून बाहेर, मागे एक सैल गाठ. वरच्या कडेला फक्त.

शुक्रवारी आताचे अध्यक्ष स्वतः आले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, बोलण्यात गोड आणि घड्याळात पाहण्यात सराईत. त्यांनी शिवलेली पाने एकेक पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! हे तर भाषणच! मॅडम, तुम्ही कमाल केलीत. उद्घाटनाचं पान आहे का यात?" ते पान तिच्यासमोरच होते, पट्टी जागेवर ठेवलेली, सुईत दोरा ओवलेला. त्यांनी वाकून दगडावरचे ते वाक्य शाईत पाहिले आणि क्षणभर खरेच हरखले. "हेच काचेच्या पेटीत मधोमध ठेवायचं," ते म्हणाले. "फक्त एक करा. ही पट्टी चारही बाजूंनी शिवून टाका. खालून उघडी राहिली तर फडफडेल."

"खालच्या कडेला भोकं नाहीत."

"मग पाडा की दोन. कोणाला दिसणार आहेत?"

"नाही पाडणार," ती म्हणाली.

ते खुर्ची ओढून समोर बसले. "मॅडम, मोकळेपणाने सांगतो. आमच्याकडे सगळ्या घरांतली मुलं येतात, सगळ्या देवांची आणि बिनदेवांची. उद्या कोणी ही पट्टी उचलली आणि म्हणालं, बघा, पहिल्या दिवसापासून खाली देव लपवून ठेवला होता, तर? मी कोणाकोणाला उत्तर देऊ? तुमच्या वडिलांचंच नाव खराब होईल."

"लपवायचा असता तर त्यांनी चारही बाजूंनी टाचलं असतं," ती म्हणाली. "त्यांनी वर टाचलं, खाली मोकळं ठेवलं. आणि बोलताना उचलून बघायचे. तुम्ही ज्याला विराम म्हणता ना, ते हे. पट्टी शिवून बंद केलीत तर तुमच्याकडे शब्द राहतील, विराम जातील."

"खाली असं लिहिलंय तरी काय?"

तिने तोंड उघडले आणि तिला कळले की आपल्याला माहीत नाही. ट्रंक इतकी वर्षे तिच्या झोपण्याखाली होती. ती साफ करायची, वाळवी लागली का बघायची, पाने पुन्हा बांधायची. एकही पट्टी तिने कधी उचलली नव्हती. वडिलांच्या खिशात हात घातल्यासारखे वाटेल म्हणून, असे ती स्वतःला सांगे. ज्याचा विश्वास नाही त्याचे तिथे काम नाही, असेही सांगे. आणि गेले काही दिवस सगळ्या पट्ट्या निघालेल्या असताना, सगळे शब्द डोळ्यांपुढे उघडे असताना, तिने भोके मोजली होती. "तुम्हीच वाचा," ती म्हणाली. अध्यक्षांनी चष्मा चढवला, पट्टीची कड नखाने उचलली आणि आपल्या व्याख्यानाच्या आवाजात सुरुवात केली, "'तुझ्या दारात आम्ही सगळेच परके आहोत...'" पुढचे त्यांनी हळू वाचले. "'...तरी दार उघड.'" त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"हे काचेखाली नाही ठेवता येणार मला," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजात आता गोडवा नव्हता, त्यामुळे तो जास्त खरा वाटला.

"नका ठेवू. पेटीत त्यांचा कोट ठेवा, हवा तर देते. पण ही पानं पट्ट्यांसकट एकाच कपाटात राहतील. आणि जो कोणी वाचायला येईल त्याला पट्टी उचलू द्यायची. हे देणगीपत्रात लिहा, मग मी सही करते. नाहीतर आत्ता रिक्षा बोलावते आणि सगळं घरी नेते. चर्चलाही देणार नाही. त्यांना म्हणावं, इथे येऊन वाचा. वरचंसुद्धा वाचा म्हणावं."

"समितीला काय सांगू? ही भाषणं की उपदेश? आमच्या यादीत दोन रकाने आहेत, मॅडम. यातल्या एकात तर घालावं लागेल."

"तिसरा आखा."

आपल्यालाच नवल वाटल्यासारखे ते हसले. "अगदी वडिलांवर गेलात."

"आईवर," ती म्हणाली.

त्यांनी देणगीपत्र पुढे ओढले आणि समासात ती अट आपल्या हाताने लिहिली, ग्रंथपालबाईंकडून वाचून घेतली, खाली सही केली. तिने तिची केली. जाताना दारात ते वळून म्हणाले की समितीत दोघेतिघे आवाज चढवतील, पण चढवू देत. मग त्यांची पावले जिन्यावरून गेली. तिला विजय वगैरे वाटला नाही. पाठ दुखत होती आणि तहान लागली होती. तिने ग्लासभर पाणी पिऊन सुई उचलली, वरच्या कडेचे टाके घातले, गाठ मारली, दोरा कापला. ग्रंथपालबाईंनी सवयीने हात पुढे केला. "द्या, डॉक्टर. पुढचं पान घेऊ? अजून अर्धी ट्रंक आहे."

"थांबा जरा," ती म्हणाली. तिने भिंगांचा चष्मा काढून ठेवला आणि साधा लावला. पान सरळ केले. मग पट्टी उचलून बोटाने तशीच धरून ठेवली, आणि तरुण पाळकाने लिहिलेला तो उपदेश पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.